मोठ्या बाई फाटकावर आल्या

नोकरीला लागल्यावर पहिले तीन महिने मी मोठ्या बाईंचा आवाज धड ऐकला नव्हता. अक्षर मात्र पाठ झालं होतं. जांभळ्या शाईतलं, जरासं उजवीकडे झुकलेलं, वेलांट्या अगदी मापून दिलेलं. रोज पहिल्या तासाला भिकू शिपाई सूचनावही घेऊन वर्गाच्या दारात उभा राही. आपण शिकवणं थांबवायचं, सूचना वाचायची, सही करायची, वही परत द्यायची. भिकू पुढच्या वर्गाकडे जाई. शाळेत बाईंचं म्हणणं असं हिंडत असे, बाई स्वतः क्वचितच.

आमची शाळा गिरगावात, ठाकूरद्वारच्या मागच्या एका गल्लीत. मुलींची शाळा, तीन मजले, मध्ये फरसबंदी चौक आणि पुढे लोखंडी फाटक. मी काळाचौकीहून ट्रामनं यायची. आमच्या घरातली शिकून मास्तरीण झालेली पहिलीच मुलगी मी, त्यामुळे नोकरी जपायची एवढंच तेव्हा डोक्यात असे.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका विजयकर बाई. जुन्या पाठारे प्रभू घराण्यातल्या. आजोबांच्या वेळी गिरगावात त्यांच्या मालकीच्या दोन चाळी होत्या म्हणे. बाईंच्या वाट्याला त्यातल्या एकीत दोन खोल्या आणि छताला भिडणारा एक आरसा एवढंच उरलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. पांढरं पातळ, बोटभर किनार, पायांत काळे बूट. दुपारी दोन वाजता त्यांच्या खोलीचं दार आतून बंद होई आणि फटीतून कोळंबीचा वास येई. शिक्षिकांत बहुतेक शाकाहारी. त्या नाकाला पदर लावून जिन्याच्या दुसऱ्या बाजूला जात. मला मात्र त्या वासानं भूक लागे, आणि बाईंबद्दल आपलेपणा वाटायला तेवढं एकच कारण होतं.

एकदा सूचना आली, "उद्या शाळा दोन तास उशिरा भरेल." मी नवीन होते. सही करून तशीच बाईंच्या खोलीत गेले आणि विचारलं, "बाई, कशासाठी ते मुलींना सांगू का? घरी आया विचारतील."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सूचना वाचलीत ना?"

"हो."

"मग प्रश्न कसला?"

दुसऱ्या दिवशी कळलं की पाण्याची टाकी धुवायची होती. टाकी धुण्यात लपवण्यासारखं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. पण शाळेची रीतच तशी पडली होती. मोठ्या बाई शिक्षिकांना कारण सांगत नसत, शिक्षिका एकमेकींना काही सांगत नसत, मुली शिक्षिकांना सांगत नसत. एखादीला ताप भरला तरी ती पाच वाजेपर्यंत बाकावर तशीच बसून राही. पालकांना फाटकाच्या आत यायला मनाई होती. त्यांच्यासाठी फाटकावर काचेची एक पेटी टांगलेली असे, तिच्यात सूचनेची दुसरी प्रत लागे. इन्स्पेक्टर येत तेव्हा आमच्या शाळेच्या शांततेची तारीफ करून जात. आम्हालाही ती शिस्तच वाटायची.

मग संयुक्त महाराष्ट्राची वर्षं आली. गिरगावात रोज सभा, रोज मोर्चे. भिंती घोषणांनी भरलेल्या. आमच्या निम्म्या मुलींचे बाप आणि भाऊ चळवळीत होते. शाळेत मात्र त्यातलं काही शिरू द्यायचं नाही असा बाईंचा कटाक्ष. हरताळाची बातमी कानावर आली की सूचना येई, "शाळा नेहमीप्रमाणे भरेल व नेहमीप्रमाणे सुटेल."

त्या दिवशीही हीच सूचना आली होती. बारा वाजून गेले असतील. मी तिसरीच्या वर्गावर होते, भूगोल संपवला होता. मोठ्या रस्त्याच्या बाजूनं आधी आरडाओरड ऐकू आली, मग फटाक्यांसारखे आवाज. मुली माझ्याकडे बघू लागल्या. फटाके नव्हेत हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. थोड्या वेळानं डोळे चुरचुरायला लागले. भिकू जवळजवळ धावतच वही घेऊन आला. "कोणीही वर्ग सोडू नये. आवाज करू नये. सर्व खोल्या बंद करून घ्याव्यात." मी सही केली. काय झालंय ते भिकूला विचारलं, तर तो म्हणाला, "मला काय माहीत बाई, मी आपला वही फिरवतोय."

तासाभरात फाटकाबाहेर दीड-दोनशे माणसं जमली. बहुतेक आया. कुणी पोळपाट तसाच टाकून आलेली, कुणाच्या कडेवर पोर. आत काय चाललंय त्यांना दिसत नव्हतं आणि कुणी सांगतही नव्हतं. आम्ही खिडकीच्या फटीतून बघत होतो. पाच पाच मिनिटांनी तिथलं बोलणं बदलत होतं. आधी कुणी म्हणालं, शाळेच्या काचा फुटल्या. मग, दोन मुलींना लागलंय. मग, पोलिसांची गाडी मागच्या दारानं मुली घेऊन गेली. आमच्या शाळेला मागचं दारच नव्हतं, आणि हे त्या आयांना ठाऊक होतं. तरी त्यांचा विश्वास बसला. काहीच कळत नसलं की माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

मोठ्या बाईंनी पेटीत सूचना लावायला सांगितली, "मुली सुरक्षित आहेत. पालकांनी गर्दी करू नये." दहा मिनिटांनी पेटीच्या काचेवर दगड बसला.

तेव्हा बाई खाली उतरल्या. आम्ही तिघीचौघी त्यांच्या मागे जिन्यात येऊन उभ्या राहिलो. फाटकाचे गज धरून सगळ्यांत पुढे एक बाई होती, परबीण. कांदेवाडीत राहायची, नवरा परळच्या गिरणीत. तिची कुसुम माझ्याच वर्गात होती.

बाई म्हणाल्या, "सूचना लावलेली आहे. कृपा करून ती वाचा आणि घरी जा."

परबीण ओरडली नाही. हलक्या आवाजात, आपल्या मालवणीत म्हणाली, "बाय, माका वाचूक येणा नाय. माझा चेडू आत आसा काय नाय, तेवढाच सांगा."

विजयकर बाई तिच्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या पेटीत कागद लावत होत्या. तो कोण वाचतं, कुणाला वाचता येतं, हे बहुधा त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्या वळल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सगळ्या वर्गांचे हजेरीपट आणा. आणि एक स्टूल."

स्टुलावर चढताना त्यांनी भिकूच्या खांद्याचा आधार घेतला. मुलींना वर्गांतून चौकाच्या सज्ज्यात उभं केलं. मग बाईंनी पहिलीपासून एकेक नाव वाचायला सुरुवात केली. आवाज सुरुवातीला इतका बारीक की पुढच्या रांगेलाही ऐकू जाईना. कुणीतरी मागून म्हणालं, "मोठ्यानं बोला बाई." त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली.

नाव वाचलं की सज्ज्यातून "हजर" येई आणि फाटकाबाहेर कुठंतरी एका बाईचे खांदे खाली येत. कुणी रडायला लागे, कुणी नुसतीच मान हलवी, कुणी शेजारणीचा हात धरी. पहिली संपली, दुसरी झाली. गर्दी आता ढकलत नव्हती. मागच्यांना ऐकू यावं म्हणून पुढच्या आया नावं मागे सांगत होत्या.

मग तिसरीचा पट उघडला. पहिल्या तासाला वापरलेला नकाशा ठेवायला मी कुसुमला वरच्या नकाशांच्या खोलीत पाठवलं होतं. त्यानंतर आवाज सुरू झाले, सूचना आली, दारं बंद झाली, आणि ती परत आली की नाही हे मी पाहिलंच नव्हतं. पट आणायला गेले तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं होतं. मी बोलले नव्हते. नोकरी जाईल अशी भीती वाटली होती. येईल ती, कुठंतरी असेल, असं मनाशी म्हणत मी पट आणून दिले होते.

"कुसुम परब," बाईंनी वाचलं.

उत्तर आलं नाही. बाईंनी परत वाचलं. परबिणीनं गजांवरचे हात काढले.

एरवी मोठ्या बाई पुढचं नाव वाचून मोकळ्या झाल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी पट खाली केला, चष्म्यावरून थेट परबिणीकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कुसुम सकाळी हजर होती. आता वर्गात दिसत नाही. ती कुठं आहे ते मला माहीत नाही. मी शोधते आणि इथंच येऊन तुम्हाला सांगते."

"मला माहीत नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कुणी कधी ऐकले नव्हते. कसं कोण जाणे, पण ते ऐकल्यावर माझी जीभ सुटली. मी पुढे होऊन म्हणाले, "बाई, मला माहीत आहे. मीच तिला नकाशांच्या खोलीत पाठवलं होतं."

त्या स्टुलावरून उतरल्या आणि जिन्याकडे धावल्या. मी त्यांना धावताना त्या दिवशीच पाहिलं. भिकूनं सूचनेप्रमाणे नकाशांच्या खोलीला बाहेरून कडी घातली होती. कडी काढली तर कुसुम कोपऱ्यात, गुंडाळलेल्या नकाशांच्या मधे गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. डोळे सुजलेले, पण धडधाकट.

मी म्हटलं, "अगं, हाक का नाही मारलीस? दार का नाही वाजवलंस?"

ती म्हणाली, "शेजारच्या वर्गात बाई सांगत होत्या, सूचना आहे, आवाज करायचा नाही."

मोठ्या बाईंनी तिचा हात धरला. जिना उतरताना त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. फाटकाशी येऊन त्यांनी भिकूला फाटक उघडायला लावलं, परबिणीला आत घेतलं आणि पोर तिच्या स्वाधीन केली. मग बाहेरच्या आयांकडे वळून म्हणाल्या, "ही वरच्या खोलीत कोंडली गेली होती. दार माझ्या सूचनेनं बंद झालं. चूक माझी आहे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. भिकूचंही नाही.

परबिणीनं कुसुमच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मग तिचा सगळा जीव एकदम हलका झाल्यासारखी ती हसली आणि म्हणाली, "कांदेवाडीतली सगळी चेडवा माझ्यावांगडा द्या. मी पोचयतंय." तिच्या मागून फणसवाडीची एक म्हणाली, आमच्या वाडीतल्या मी नेते. मग मुगभाटवाली पुढे झाली. उरलेली हजेरी वाचून होताच बाईंनी वर्ग मोडले आणि मुली गल्लीवार उभ्या केल्या. चारला शाळेत एकही मुलगी नव्हती आणि सगळ्या घरी पोचल्याचे निरोप आले होते. ज्या बातमीकडे सगळा दिवस कान लागले होते ती अशी साधीसुधी आली. शिक्षिकांच्या खोलीत कुणीतरी चहा केला आणि आम्ही कधी नव्हे ते मोठमोठ्यानं बोललो.

संध्याकाळी बाईंनी मला बोलावलं. "राणेबाई, पट आणायला गेलात तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

मी टेबलावरच्या सूचनावहीकडे पाहिलं. बाईंनी ती मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "जा. घरी वाट बघत असतील."

आठवड्यानं शाळेच्या कमिटीनं बाईंना बोलावलं. अध्यक्ष वकील होते, टापटिपीचे, आवाज न चढवता बोलणारे. साक्षीला मलाही बसवलं होतं. मुख्याध्यापिकेनं फाटकावर उभं राहून शाळेची चूक कबूल करावी हे त्यांना रुचलं नव्हतं. ते म्हणाले, "इथून पुढे बाहेर जे काही सांगायचं ते कमिटीला दाखवून सांगायचं."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मग आपल्यापैकी एकानं रोज अकरा ते पाच शाळेत बसावं. गोळीबार झाला तर मी दाखवायला कुठं येऊ?"

सभासद एकमेकांकडे पाहू लागले. एकाला कोर्ट होतं, एकाला दुकान, एकाला दमा. अध्यक्षांनी विचारलं, "पण चूक कबूल करायची गरज काय होती?"

बाई म्हणाल्या, "मी मुली सुरक्षित आहेत असं लिहिलं, तेव्हा दगड आला. एक मुलगी सापडत नाही असं सांगितलं, तेव्हा फाटक कुणी ढकललं नाही. मला तरी एवढंच कळलं." ठराव झाला नाही. बाईंच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि कमिटीनं मनात आणलं असतं तर ती आणखी कमी झाली असती. कमिटीच्या खोलीतून बाहेर पडल्यावर त्यांनी रुमालानं तळहात पुसले, तेव्हा त्या किती घाबरल्या होत्या ते मला दिसलं.

त्यानंतर शाळा एका दिवसात बदलली असं मी म्हणणार नाही. बाईंनी रोज शाळा सुटताना फाटकावर उभं राहून आयांना दिवसाची खबर द्यायची असं ठरवलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "सर्व पालकांस कळविण्यात येते की," आणि आया गंभीर चेहऱ्यानं ऐकत राहिल्या. चारपाच दिवसांनी परबिणीनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "बाय, तुमी कागदाशी बोलतास. आमच्याशी बोला." बाई हसल्या. पण जमायला त्यांना वर्ष लागलं.

सकाळी शाळा भरण्याआधी आम्हा शिक्षिकांना त्या दहा मिनिटं एकत्र बसवू लागल्या. "आज कुणाला काय माहीत आहे?" एवढंच विचारत. सुरुवातीला सगळ्या गप्प. मग एकीनं सांगितलं, माझ्या वर्गातल्या दोघींचे वडील अटकेत आहेत, त्यांना फीसाठी टोकू नका. दुसरीनं सांगितलं, नळाची तोटी तुटली आहे. मोठं आणि किरकोळ तिथं एकाच सुरात बोललं जाई. आमच्या संस्कृतच्या बाईंना हे पटलं नाही. त्या म्हणत, शाळेचा बाजार झाला. मोठ्या बाई त्यांना कधी तोडून बोलल्या नाहीत. म्हणायच्या, "तुम्हाला बाजार वाटतो हेही सगळ्यांसमोर सांगा."

जुनी सवय मधूनच उसळे. एकदा कमिटी दोन वर्ग बंद करायच्या विचारात होती. तसं आलेलं पत्र बाईंनी तीन दिवस खणात ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी त्या आल्या, पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे माझ्याकडे सोमवारपासून आहे. सांगायचा धीर झाला नाही." ज्या दोघींच्या नोकऱ्या त्यात जाणार होत्या त्यांनी ते वाचलं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून कमिटीला जे उत्तर लिहिलं त्यामुळे ते वर्ग वाचले. तीन दिवस आधी सांगितलं असतं तर बाईंच्याही तीन झोपा वाचल्या असत्या, असं भिकू म्हणाला, आणि तेही त्यांच्या तोंडावर.

पुढे पुन्हा एकदा दंगल झाली. भरदुपारी संचारबंदीची बातमी आली. बाईंनी घंटा दिली, चौकात उभं राहून जे ठाऊक होतं ते मुलींना सांगितलं. कोणता रस्ता बंद आहे, कोणत्याचं अजून कळलेलं नाही, पुढची खबर अर्ध्या तासानं. मुली आपणहून गल्लीवार उभ्या राहिल्या, मोठीनं लहानीचा हात धरला. फाटकावर गर्दी झालीच नाही. आया आपापल्या वाडीच्या तोंडाशी थांबल्या होत्या, तसं आधीच ठरलेलं होतं. शेवटची तुकडी पोचवून बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या पातळाला भिंतीवरच्या घोषणेचा ओला रंग लागला होता. त्या बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "झालं. सगळ्या गेल्या." मी इतकं समाधान कुणाच्या चेहऱ्यावर फार वेळा पाहिलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच सुमारास त्या निवृत्त झाल्या. रोषणाईच्या संध्याकाळी मी काळाचौकीहून भावंडांना घेऊन गिरगावात आले होते. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पताका, लेझीम, पेढे, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. त्या गर्दीत एका बंद दुकानाच्या पायरीवर मला मोठ्या बाई दिसल्या. त्यांच्या एका बुटाचा तळ निघाला होता आणि समोर एक म्हातारा चांभार तो शिवत बसला होता. त्यांचा एक पाय उघडा, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर टेकवलेला. मी जवळ गेले. म्हटलं, "बाई, मी थांबते. तुम्हाला घरापर्यंत सोडते."

"नको. पोरं कंटाळतील. तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."

भावंडं हात ओढत होती. वळणावर जाऊन मी मागे पाहिलं. चांभार हातवारे करून काहीतरी सांगत होता, बहुधा गावाकडचं. रस्त्यावर ढोल इतके वाजत होते की त्याचं बोलणं ऐकू येणं कठीण होतं. बाईंनी चष्मा नीट केला, पायरीवरून पुढे सरकल्या आणि त्याच्या तोंडाजवळ कान नेला. बूट कधीच शिवून झाला होता. तो त्याच्या मांडीवर होता, आणि त्यांनी तो मागितला नव्हता.